जागृती कोणाची?

‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण आपण इतक्या सैलपणे वापरतो की तिच्यातले चित्र आता आपल्या नजरेसमोर उभे राहत नाही. बढती हुकलेला कारकून ती वापरतो, भाडेवाढ सोसणारा भाडेकरू वापरतो. ज्या घरात ती प्रथम कोणाला सुचली असेल त्या घराची आठवण मात्र कोणाला होत नाही. म्हणीत क्रिया दोन आहेत: एक हात बुक्की मारतो, दुसरा तोंड दाबतो. हे दोन्ही हात एकाच माणसाचे असावेत असे म्हणीत कोठेही सांगितलेले नाही. घरातील मारहाणीच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक असते की बुक्की मारणारा हात बहुधा एकच असतो, तोंड दाबणारे हात मात्र पुष्कळ असतात. त्यांत सासूचा असतो, आईचा असतो, शेजाऱ्याचा असतो, शिक्षकाचा असतो आणि कधी कधी धर्मगुरूचाही असतो.

दरवर्षी ८ मार्चला आणि २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या पंधरवड्यात महाविद्यालयांतून आणि धर्मग्रामांच्या सभागृहांतून या विषयावर पथनाट्ये, एकांकिका, पोस्टर-प्रदर्शने होतात. हेतू स्तुत्य आहे याबद्दल वाद नाही. परंतु हेतू स्तुत्य आहे एवढ्यावरून कलाकृतीची सुटका होत नाही. तिच्याकडे साहित्य म्हणून पाहायला हवे, आणि तसे पाहू लागलो की पहिला प्रश्न हाच पडतो की या जागृतीच्या खटपटीत जागे करायचे आहे ते नेमके कोणाला?

पथनाट्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. ढोलकी किंवा डफ वाजतो, काळे कुडते घातलेली दहा-बारा मुलेमुली वर्तुळ करतात, कोणीतरी आरोळी देते. मग नवरा येतो. तो झिंगत येतो. मी पाहिलेल्या अशा प्रयोगांपैकी बहुतेकांत तो झिंगतच आला. तो अडखळतो, बरळतो, हात उगारतो, आणि चपराक बसते तेव्हा कट्ट्यावरची मुले हमखास हसतात. त्या हसण्याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण त्यात मुलांचा दोष थोडा आणि लेखकाचा अधिक आहे. दारुड्या हे मराठी रंगभूमीवरचे जुने विनोदी पात्र आहे. एकदा ते पात्र उभे केले की हशा त्याच्यामागून येणारच. याहून मोठी हानी वेगळी आहे. घरात मारणारा म्हणजे दारू पिणारा, असे समीकरण प्रेक्षक घेऊन जातो. कधी थेंबही न घेणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा, समितीत कामे करणारा, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा जो गृहस्थ बंद दारामागे बायकोचा हात पिरगाळतो, तो हे पथनाट्य निश्चिंत मनाने पाहू शकतो. त्याच्याविषयी त्यात काही नाही. आणि त्याची बायको मनाशी म्हणते, ‘आमचे हे तर पीत नाहीत. मग माझ्या बाबतीत जे होते त्याला काय नाव द्यायचे?’

नावाचा प्रश्न क्षुल्लक नाही. आपल्या भाषेने या विषयासाठी जे शब्द घडवले त्यांची एकदा तपासणी व्हायला हवी. ‘सासुरवास’ या शब्दाचा साधा अर्थ सासरी राहणे एवढाच, परंतु रूढीने त्याचा अर्थ छळ असा झाला. सासरी राहणे आणि छळ सोसणे यांना आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बसवले आणि कोणाला त्यात काही विशेष वाटले नाही. ‘नांदणे’ हे क्रियापद तसे सुंदर आहे. सुखाने नांदा असा आपण आशीर्वाद देतो. परंतु मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला परत ‘नांदायला’ पाठवतात तेव्हा त्याच क्रियापदाला दाराच्या कडीचा आवाज येतो. वर्तमानपत्रे ‘अतिप्रसंग’ लिहितात. जणू प्रसंग योग्यच होता, थोडा अधिक झाला इतकेच. ‘अब्रू लुटली’ या प्रयोगात चोराने चोरी केली आणि दिवाळे मात्र लुटलेलीचे निघाले. आपल्या दंडविधानातील ‘विनयभंग’ या शब्दात तर अपराधाचे मोजमाप स्त्रीच्या विनयावर ठेवलेले आहे, पुरुषाच्या उद्दामपणावर नाही.

या शब्दांच्या आधीही स्त्रियांनी बोलण्याची एक जागा शोधून काढली होती. ती म्हणजे जाते. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत देव आहे, भाऊ आहे, शेती आहे, आणि सासुरवासही भरपूर आहे. पहाटे, घर झोपलेले असताना, दगडाच्या घरघरीखाली स्त्री आपले दुःख मोकळे करी. मी जेव्हा जेव्हा या ओव्यांचा विचार करतो तेव्हा मला त्यांच्या भाषासौंदर्याइतकीच त्यांच्या श्रोत्याची आठवण येते. श्रोता दगड होता. तो उलट उत्तर देत नव्हता, उपदेश करीत नव्हता, हे त्याचे मोठेपण. परंतु दगडाच्या कानी घातलेले दुःख दगडापाशीच राहते.

आता ज्या नाटकाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे त्याकडे वळतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६३ साली लिहिले गेले आणि १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. या नाटकाला जागृतीचे नाटक कोणी म्हणत नाही. त्यात घोषणा नाही, डफ नाही, दारुड्या नवरा नाही, रंगमंचावर एक चपराकही नाही. तरीसुद्धा, किंवा त्यामुळेच, आपल्या विषयावर मराठीत लिहिलेले याहून भेदक असे काही माझ्या वाचनात नाही.

कथानक थोडक्यात असे. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावात आलेली आहे. प्रयोगाला वेळ आहे. गावातल्या सामंत नावाच्या भाबड्या तरुणाला न्यायालयाची कल्पना यावी म्हणून मंडळी गंमत म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा करतात आणि आपल्यातल्याच बेणारे या शिक्षिकेला आरोपी ठरवतात. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होतो. प्रत्येक जण आपल्याजवळची कुजबुज साक्ष म्हणून बाहेर काढतो आणि अविवाहित बेणारे गरोदर आहे हे उघड्यावर आणले जाते. ज्याच्यामुळे ती गरोदर आहे तो प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलाच नाही. त्याच्यावर खटला नाही. त्याची रिकामी खुर्चीसुद्धा नाही.

या मंडळींत काशीकर हे समाजकार्यकर्ते आहेत. त्यांच्याकडे न्यायाधीशाचे काम आहे. खटला चालू असताना ते काय करतात? कान कोरतात. नाटककाराच्या सूचनेत हे पुनःपुन्हा येते. प्रेक्षक हसतात, आणि हसावेच असे ते आहे. परंतु विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो, कारण ऐकणे हेच ज्याचे काम आहे तो माणूस कान साफ करतो आहे आणि त्या साफ कानात काहीही शिरत नाही.

आणि त्यांच्या शेजारी सौ. काशीकर आहेत. या पात्राविषयी आपल्या समीक्षेने फारच थोडे लिहिले. नवरा-बायकोच्या प्रेमाचे प्रदर्शन नाटकात आरंभीच आहे. त्याने तिला गजरा घेतला, तिने त्याला शर्ट घेतला असे एकमेकांचे कौतुक चारचौघांत चालते. पुढे मात्र सौ. काशीकरांनी तोंड उघडले रे उघडले की काशीकर त्यांना झिडकारतात. दर वेळी. भर मंडळींत. त्यावर प्रेक्षागृहात दर वेळी हशा पिकतो आणि रंगमंचावरच्या एकाही पात्राला त्यात वावगे वाटत नाही. बेणारेवर होणारा अन्याय आपल्याला दिसावा म्हणून तेंडुलकरांनी तीन अंक खर्च केले. सौ. काशीकरांवर होणारा अन्याय त्यांनी विनोदात लपवून ठेवला आणि तो आपल्याला दिसतो की नाही हे पाहत ते बाजूला उभे राहिले. आपल्यापैकी बहुतेकांना तो दिसला नाही.

गोष्ट इथे थांबत नाही. बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायला तयार होत नाही तेव्हा तिला हाताला धरून ओढत नेणारी व्यक्ती कोण? सौ. काशीकरच. घरात जिचे तोंड दाबलेले आहे तिला दुसरीचे तोंड दाबण्याची संधी मिळते आणि ती ती सोडत नाही. ‘बायकाच बायकांच्या वैरी’ असे ठोकळेबाज विधान करून आपण या प्रकरणावर पडदा टाकतो. तेंडुलकर तसे करीत नाहीत. ते आधी काशीकरांचे झिडकारणे दाखवतात, मग सौ. काशीकरांचे ओढणे. कार्य आणि कारण एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवलेले आहे.

शेवटी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. बेणारेचे प्रसिद्ध स्वगत येते ते इथे. त्यात ती आपल्या आयुष्याचे सगळे सांगते. जेमतेम चौदा वर्षांची असताना सख्ख्या मामाने केलेला घात सांगते, आईने मामाला नव्हे तर तिलाच दोषी धरले तेही सांगते. या भागाकडे आज नव्याने पाहायला हवे. बेणारे स्वतः त्याला प्रेम म्हणते, पाप म्हणते. तिच्याजवळ तिसरा शब्द नाही. १९६७ च्या प्रेक्षकाजवळही नव्हता. २०१२ साली बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा झाला, त्या कायद्याच्या भाषेत चौदा वर्षांच्या मुलीची संमती हा विषयच निघत नाही. तिथे अपराधी एकच, तो मामा. तेंडुलकरांनी हा शब्द उपलब्ध होण्याआधी ती घटना लिहिली. तिला योग्य नाव देण्याचे काम त्यांनी पुढच्या वाचकांवर सोडले असे आपण म्हणू या.

पण स्वगताविषयी मला खरे सांगायचे आहे ते असे. ती बोलत असते तेव्हा रंगमंचावरची बाकी सारी माणसे पुतळ्यांसारखी थिजलेली असतात. बोलणे संपते आणि ती पुन्हा हलू लागतात. वेळ संपली, असे न्यायाधीश घड्याळ पाहून सांगतात आणि आरोपीला काही निवेदन करायचे नाही अशी नोंद होते. म्हणजे ती बोललीच नाही! आपण प्रेक्षकांनी एवढा वेळ जे ऐकले ते तिच्या मनात चालले होते, किंवा ती ओरडून बोलली तरी कोणाच्या कानावर गेले नाही. दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि दोन्ही सारखेच भयंकर आहेत. मग गर्भ नष्ट करावा अशी शिक्षा ठोठावली जाते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय भ्रूणहत्येचीच आज्ञा देते.

हे स्वगत अभिनयाच्या स्पर्धांतून मुली नेहमी म्हणतात. मुलगी मन लावून पाठ करते, डोळ्यांत पाणी आणते, परीक्षक गुण देतात. थिजलेले न्यायालय मात्र तिथे नसते. ते वगळले की उरते ते एका दुःखी बाईचे भाषण, आणि नाटकाचा जो खरा विषय, न ऐकणारी माणसे, तो कापला जातो. आमच्या महाविद्यालयांनी या नाटकाचे एवढेच केले याचे मला वाईट वाटते.

बेणारे बहुतेक खटलाभर गप्प आहे, आणि तिचे गप्प राहणे हीच गुन्ह्याची कबुली समजली जाते. नाटक रंगमंचावर आल्यानंतर अकरा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या नाटकाशेजारी ठेवून वाचावा. २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीसठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने कडवा प्रतिकार केला ही हकिकत खरी नाही, असा युक्तिवाद निकालात आहे. लुटुपुटीच्या न्यायालयात मौन म्हणजे गुन्हा ठरले. खऱ्या न्यायालयात मौन म्हणजे संमती. दोन्हीकडे मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार, जी गप्प आहे तिला सोडून, इतर सर्वांना होता.

या निकालावर सप्टेंबर १९७९ मध्ये चार विधिशिक्षकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले: दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. विद्यापीठाच्या आवारातून निघालेली जागृतीची एवढी मोठी घटना आपल्या देशात क्वचितच झाली असेल, आणि तिचे साधन होते एक पत्र. ते वाङ्मय म्हणून वाचावे असे मला वाटते. पत्रात शिव्याशाप नाहीत. न्यायालयाविषयीचा आदर आरंभापासून राखलेला आहे, आणि त्या आदराच्या सुरातच एकेक प्रश्न विचारलेला आहे. संमतीत शरण जाणे असते, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती नसते, हा भेद त्यात मांडला आहे. रात्रीच्या वेळी पोलीसठाण्यात, दोन गणवेशधाऱ्यांसमोर एका गरीब मुलीने आरडाओरडा करावा अशी अपेक्षा कोणी आणि कशाच्या आधारे केली? स्त्रीला पोलीसठाण्यावर बोलावणेच कायद्याविरुद्ध आहे असे याच न्यायालयाने त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात म्हटले होते, मग या मुलीच्या वेळी त्याविषयी एक शब्दही का नाही? हा शेवटचा प्रश्न तर विलक्षण आहे. न्यायमूर्तींना त्यांच्याच सहकाऱ्यांच्या शब्दांची आठवण करून दिली जाते. जागृती करायची होती ती पीडित मुलीची नव्हती. तिला काय झाले ते तिला पुरते ठाऊक होते. जागे करायचे होते ते निकाल देणाऱ्यांना, आणि पत्राचा मायनाच तसा होता.

१९८० मध्ये स्त्रिया गावोगावी रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीसकोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेचे नाव छापण्यास बंदी आली तीही तेव्हाच. जिच्यामुळे ही बंदी आली तिचे नाव मात्र विधिमहाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत खटल्याचे नाव म्हणून कायमचे राहिले. मी ते येथे लिहिलेले नाही.

रंगभूमीवरच्या ‘बंदी’चा एक वेगळा किस्सा जाता जाता सांगण्यासारखा आहे. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले. माणिक या बहिणीचा गर्भ तिचे भाऊच मारहाण करून पाडतात. तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली. मग डाग निळा दाखवून, प्रेक्षकांनी तो लाल समजावा अशी सूचना प्रयोगाआधी देण्यात येऊ लागली. मारहाणीपेक्षा तिचा रंग अधिक आक्षेपार्ह ठरला! कितीतरी घरांतून आपण अशाच निळ्या डागांच्या कहाण्या ऐकतो. जिन्यावरून पडले. दार लागले.

त्याच १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर, म्हणजे खरे तर चाळींच्या पटांगणांत, शाळांत आणि गावच्या पारावर आणले. त्याचे प्रयोग हजाराच्या पुढे गेले, इतर भारतीय भाषांत अनुवाद झाले. नाट्यवाङ्मय म्हणून त्याला तेंडुलकरांच्या शेजारी बसवणे अन्यायाचे होईल. पात्रे ठळक रेघांनी काढलेली, वाईट माणूस दुरून ओळखू यावा असा, आणि पुष्कळसा भार गाण्यांवर. पण हे नाटक जात्यावरच्या ओवीची खरी वारसदार आहे. फरक असा की दगडाच्या जागी आता समोर बायका बसलेल्या आहेत. मुलीच्या जन्मापासून तिच्या वाट्याला जे येते ते ओळखीच्या लोकचालींवर गायले जाते आणि समोरच्या बायका आधी हसतात, मग चुपचाप होतात. आपली एकटीची म्हणून जपलेली कथा शेजारणीचीही आहे, हे कळण्याचा तो क्षण आहे.

समूहगीताला मर्यादाही आहे. हुंडा, मुलगाच हवा हा हट्ट, कष्टांची वाटणी ही दुःखे समूहाने गाता येतात. पण नवऱ्याने अंथरुणात केलेली बळजोरी किंवा लहानपणी नात्यातल्या माणसाने केलेला स्पर्श या गोष्टी कोणी समूहाने गाऊ शकत नाही. त्या एकटीने, एकाच माणसाला, बहुधा संध्याकाळी आणि बहुधा दुसऱ्याच विषयाच्या निमित्ताने सांगितल्या जातात. आपला कायदाही पहिल्या गोष्टीविषयी अजून गप्प आहे. अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेल्या बळजोरीला २०२४ पासून लागू झालेली न्यायसंहितासुद्धा बलात्कार म्हणत नाही. स्त्री मुक्ती संघटनेचे शहाणपण असे की ती नाटकापाशी थांबली नाही. तिने कौटुंबिक सल्लाकेंद्रेही चालवली. नाटक पाहून जिला बोलावेसे वाटले तिला जाण्यासाठी एक दार होते आणि दारामागे ऐकायला शिकलेले कोणीतरी होते. ज्या प्रयोगानंतर असे दार नसते तो प्रयोग टाळ्यांबरोबर संपतो. २०१३ च्या कायद्यानंतर महाविद्यालयांत अंतर्गत समितीचा फलक लागलेला असतो, त्यावर नावे आणि दूरध्वनी असतात. फलकाखाली पथनाट्य चालते. पण त्या नावांपैकी एक जरी व्यक्ती प्रयोगाला हजर राहिली आणि नंतर अर्धा तास तिथेच बसून राहिली, तर त्या अर्ध्या तासाचे मोल नाटकाहून कमी ठरणार नाही.

आपल्या कुटुंबांपुरते एक सांगणे प्राप्त आहे. आपल्यातली स्त्री पोलिसांकडे सर्वांत शेवटी जाते. आधी ती आईकडे, मावशीकडे, सिस्टरकडे, फादरकडे जाते. तिथे तिला सांगितले जाते की लग्न हे अतूट बंधन आहे, सांभाळून घे. अतूट आहे हे खरे. परंतु ज्या वर्षी ‘मुलगी झाली हो’ आले आणि पत्नीच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ आले, त्याच १९८३ मध्ये ख्रिस्तसभेची नवी धर्मसंहिता लागू झाली. तिचा ११५३ वा नियम असे सांगतो की जोडीदार आपल्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका निर्माण करीत असेल तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण आहे, आणि विलंबात धोका असेल तर बिशपांच्या आदेशाची वाट न पाहता स्वतःच्या अधिकारात वेगळे होता येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात याहून पुढे जाऊन म्हटले की हिंसा आणि सततची वाईट वागणूक असेल तेथे वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. विवाहपूर्व शिबिरांत पतिपत्नींच्या कर्तव्यांवर तासन् तास बोलले जाते. हा नियम त्या वेळी वाचून दाखवायला दोन मिनिटे लागतात.

आपल्या तरुण नाट्यमंडळांनी यंदा २५ नोव्हेंबरला काय बसवावे असे मला कोणी विचारले तर मी ‘शांतता!’ बसवा असे सांगेन. स्वगत नव्हे, तिन्ही अंक, हक्काची रीतसर परवानगी काढून. बेणारेसाठी मुलगी मिळेलच. ती भूमिका सर्वांना हवी असते. तुमची सर्वांत चांगली अभिनेत्री मात्र सौ. काशीकरांना द्या. तिला सांगा की काशीकर झिडकारतील तेव्हा विनोदी तोंड करायचे नाही. नुसते गप्प बसायचे आणि प्रेक्षकांकडे पाहायचे. पहिल्या वेळी ते हसतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी सभागृहात कोण हसते आणि कोण हसायचे थांबते, हे पडद्यामागून कोणीतरी नीट पाहून ठेवावे.